आवडणारे कोण? आंबे!

माझ्या एका विद्यार्थिनीच्या वहीच्या पानाचा फोटो अजून माझ्या मोबाइलमध्ये आहे. वीस इंग्रजी वाक्यं, हाताने लिहिलेली. प्रत्येक वाक्यात कर्त्याखाली एक रेघ मारायची आणि क्रियापदाखाली दोन, एवढंच काम दिलं होतं. सातवं वाक्य 'आय लाइक मँगोज'. तीन शब्दांचं वाक्य. यात कोण कशाला चुकेल, म्हणून मधे विसावा म्हणून घातलेलं. 'लाइक'खाली दोन रेघा होत्या, ठीक. कर्त्याची एक रेघ मात्र 'मँगोज'खाली होती. पट्टी लावून मारलेली, खाडाखोड नाही.

"हे काय गं?"

"कर्ता, सर."

"आंबे कर्ता?"

"हो."

तिच्या आवाजात शंका नव्हती. मी मात्र हसलो, आणि ते हसणं मला पुढे चांगलंच महागात पडलं, कारण तिने खुलासा न देता वही ओढून घेतली. तो खुलासा मला तेव्हाच मिळाला असता तर आमचे दोघांचे तीन आठवडे वाचले असते.

ही मुलगी तेवीस वर्षांची. सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अभ्यासिकेत बसायची, बँकेच्या क्लार्कच्या परीक्षेसाठी. मी संध्याकाळी तिथे पोरांना इंग्रजी सांगायला जातो. तिचं शिक्षण पहिलीपासून पदवीपर्यंत सगळं मराठीतून. आकडेमोडीत आणि बुद्धिमत्तेच्या प्रश्नांत ती वर्गात पहिल्या दोघांत असायची. पूर्वपरीक्षेत इंग्रजीचे तीस प्रश्न वीस मिनिटांत सोडवायचे असतात आणि चुकलेल्या प्रत्येक उत्तराला पाव गुण कापला जातो. तिथे दोनदा पाय अडकला होता. 'वाक्यातली चूक शोधा' या प्रकारात तर ती नाणं उडवल्यासारखी उत्तरं द्यायची. हा प्रकार म्हणजे बऱ्याच वेळा कर्ता आणि क्रियापदाचं जमतंय की नाही एवढंच बघायचं असतं. कर्ताच चुकीचा धरला तर पुढचं सगळं गणित चुकीच्या आकड्यावर मांडलं जातं.

एक गोष्ट आधीच सांगतो. महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आहे. माझ्या पिढीने एबीसीडी पाचवीत गिरवली. तिची पिढी पहिलीपासून इंग्रजी शिकली. म्हणजे दहावीपर्यंत दहा वर्षं. तेव्हा 'इंग्रजी कच्चं आहे' असं म्हणून हात झटकण्यात अर्थ नव्हता. कच्चं असतं तर चुका विखुरलेल्या असत्या. तिच्या चुका एका रांगेत उभ्या होत्या, फक्त मला ती रांग दिसत नव्हती.

वीसपैकी अकरा बरोबर, नऊ चूक. नऊ अशी:

'आय लाइक मँगोज'मध्ये कर्ता आंबे. 'आय हॅव टू ब्रदर्स'मध्ये कर्ता ब्रदर्स. 'द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस'मध्ये कर्ता पोलीस. 'द लेटर वॉज रिटन बाय माय अंकल'मध्ये कर्ता अंकल. 'द बास्केट ऑफ मँगोज इज ऑन द टेबल'मध्ये कर्ता पुन्हा आंबे. 'वन ऑफ माय फ्रेंड्स लिव्ज इन नागपूर'मध्ये फ्रेंड्स. 'स्विमिंग इज गुड फॉर हेल्थ'मध्ये दोन रेघा 'स्विमिंग'खाली. 'द बॉय स्टँडिंग नियर द गेट इज माय ब्रदर'मध्ये दोन रेघा 'स्टँडिंग'खाली. आणि शेवटचं, जे बघून मी खरं म्हणजे थांबायला हवं होतं, 'इट इज रेनिंग'. त्यात 'रेनिंग' या एकाच शब्दाखाली तीन रेघा होत्या. कर्त्याची एक, क्रियापदाच्या दोन. 'इट'खाली काहीच नाही.

एकाच शब्दाला कर्ता आणि क्रियापद दोन्ही ठरवणारं माणूस अंदाजाने रेघा मारत नसतं. अंदाजाने मारणाऱ्याने 'इट'खाली रेघ ओढली असती, कारण ते पहिलं आहे. तिच्याकडे काहीतरी नियम होता आणि तो ती इमानाने पाळत होती.

मी मात्र ठरावीक औषध सुरू केलं. आधी क्रियापद शोध, मग मागे ये. सहायक क्रियापदांची यादी पाठ कर. ती तिला पाठच होती, माझ्यापेक्षा वेगाने म्हणून दाखवली. एक आठवडा गेला, चुका तेवढ्याच. मग मी आकृत्या काढायला लागलो. 1877 साली अमेरिकेत ब्रुकलिनमधल्या रीड आणि केलॉग या दोन शिक्षकांनी वाक्य रेषेवर मांडायची एक रीत पुस्तकातून रूढ केली. आडवी रेघ ओढायची, तिला आरपार छेदणारी उभी रेघ मारायची, डावीकडे कर्ता आणि उजवीकडे क्रियापद. पुढे कर्म असलं तर आणखी एक उभी रेघ, पण ती आडव्या रेघेवरच थांबवायची, आरपार न्यायची नाही. बाकीची विशेषणं वगैरे खाली तिरक्या फाट्यांवर लोंबतात. मला ही रीत फार आवडते. वाक्याचा एक्स-रे काढल्यासारखं वाटतं. पण आधी कर्ता कोण हे कळल्याशिवाय उभ्या रेघेच्या डावीकडे लिहायचं काय? तिने 'आंबे' डावीकडे लिहिले, 'आय' उजवीकडे, आणि आकृती अगदी नीटनेटकी काढली. वीस मिनिटांत तीस प्रश्नांच्या परीक्षेत अशी आकृती काढायला वेळ कुणाला आहे, हा प्रश्न तिने विचारला नाही. तिच्या शेजारच्या मुलाने विचारला.

तिसऱ्या आठवड्यात मीच वैतागून म्हटलं, "बरं, तू कर्ता शोधतेस कसा, ते एकदा मोठ्याने करून दाखव."

तिने 'आय लाइक मँगोज' घेतलं. पुटपुटली, "मला आंबे आवडतात. धातू आवड. आवडणारे कोण? आंबे."

अभ्यासिकेत पंखा फिरत होता तेवढाच आवाज.

मग 'द थीफ वॉज कॉट'. "पकडणारे कोण? पोलीस." मग 'आय हॅव टू ब्रदर्स'. "मला दोन भाऊ आहेत. असणारे कोण? भाऊ." मग 'इट इज रेनिंग'. "पाऊस पडतोय. पडणारा कोण? पाऊस. पाऊस कुठं आहे? रेनिंगमध्ये."

मराठी शाळेत शिकलेल्या प्रत्येकाला ही युक्ती माहीत आहे. क्रियापदातला धातू काढायचा, त्याला 'णारा' लावायचा आणि 'कोण' विचारायचं. उत्तर येईल तो कर्ता. स्पर्धा परीक्षेच्या मराठी व्याकरणात तर 'रामाला आंबा आवडतो' हे अगदी नेहमीचं उदाहरण. तिथे पोरं 'राम' लिहून फसतात आणि मास्तर सांगतात, अरे, आवडणारा कोण? आंबा. म्हणून कर्ता आंबा. तिने हे उत्तर मराठीच्या पेपरात बरोबर लिहून गुण मिळवलेले होते. तेच उत्तर इंग्रजीत लिहिल्यावर मास्तर हसतो म्हणजे काय?

मी हसलो होतो ते आठवलं. काही बोललो नाही.

आता मूळ गोंधळाकडे येऊ. इंग्रजी शिकवताना आपण 'सब्जेक्ट' या शब्दाला सरळ 'कर्ता' म्हणतो. गाइडमध्ये तेच, फळ्यावर तेच, माझ्या तोंडातही तेच. पण कर्ता हा शब्द आपल्याकडे संस्कृत व्याकरणातून आला आहे आणि त्याला तिथला अर्थ चिकटलेला आहे. पाणिनीचं सूत्र आहे, 'स्वतन्त्रः कर्ता'. क्रिया घडवण्यात जो स्वतंत्र आहे तो कर्ता. यात तो वाक्यात कुठे बसला आहे, क्रियापद कुणाच्या वचनाला धरून चाललंय, याचा काही संबंध नाही. 'रामेण रावणः हतः' यात 'हतः' हे रूप रावणाला धरून आहे, राम तृतीयेत गेला आहे, तरी कर्ता रामच. मारलं त्याने. इंग्रजीतला सब्जेक्ट हा वेगळा प्राणी. तो काम करणारा असेलही, नसेलही. ज्याला धरून क्रियापद चालतं आणि जो साध्या वाक्यात क्रियापदाच्या आधी बसतो, तो सब्जेक्ट. 'द थीफ वॉज कॉट'मध्ये चोराने काहीच केलेलं नाही, उलट त्यालाच धरलंय, तरी सब्जेक्ट तोच.

गंमत म्हणजे आपल्याकडे सब्जेक्टला जास्त जवळचा शब्द आहे, उद्देश्य. वाक्यपृथक्करणात आपण उद्देश्य आणि विधेय असे दोन भाग पाडतोच. तो शब्द इंग्रजीच्या तासाला का आला नाही, कोण जाणे. मी तरी त्या दिवसापासून या मुलीशी बोलताना 'कर्ता' म्हणणं सोडलं. सोपं गेलं नाही. वीस वर्षांची जीभ आहे.

तिला मी म्हटलं, "तुझी युक्ती बरोबर आहे. फक्त ती एका माणसाला शोधते. आपल्याला दुसरा हवाय."

"मग त्याला शोधायची युक्ती कुठली?"

ती तिच्याकडेच होती. मराठी व्याकरणाच्या पुस्तकात 'कर्ता' प्रकरणात नाही, 'प्रयोग' प्रकरणात. कर्तरी की कर्मणी हे ओळखताना आपण काय करतो? शब्दाचं लिंग किंवा वचन बदलून बघतो आणि क्रियापद हलतं का ते पाहतो. 'मुलाने आंबा खाल्ला'. 'मुलाने'चं 'मुलांनी' केलं तरी 'खाल्ला' जागचा हलत नाही. आंब्याची चिंच केली की लगेच 'खाल्ली'. म्हणजे क्रियापदाची दोरी आंब्याच्या हातात. इंग्रजीत उद्देश्य शोधायचं म्हणजे नेमकं हेच करायचं आहे. घडवणारा कोण हे विचारायचं नाही. दोरी कुणाच्या हातात आहे ते बघायचं.

मी फळ्यावर लिहिलं, 'द थीफ वॉज कॉट बाय द पोलीस'. म्हटलं, "प्रयोग ओळखतेस तसं हलवून बघ." तिने आधी पोलिसांना हलवलं. एक पोलीस, दहा पोलीस, गावकरी, काहीही केलं तरी 'वॉज' तसाच. मग चोराचे चोर केले. 'द थीव्ज...' आणि थांबली. मग खडूने 'वॉज' पुसून 'वेअर' लिहिलं.

"म्हणजे सर, हा कर्मणीच आहे की."

बरोबर. 'चोर पोलिसांकडून पकडला गेला' अशा 'कडून'वाल्या रचनेला आपल्या पुस्तकांत नवीन कर्मणी म्हणतात, आणि ती इंग्रजीच्या धर्तीवरची आहे हेही तिथेच सांगितलेलं असतं. तिला ते ठाऊक होतं. फक्त मराठीचा तास आणि इंग्रजीचा तास तिच्या डोक्यात दोन वेगळ्या खोल्यांत भरत होते आणि मधलं दार आम्ही मास्तरांनीच बंद ठेवलेलं.

त्याच दमात 'आय लाइक मँगोज' सुटलं. मँगोजचा एक मँगो करा, 'लाइक' तसाच राहतो. 'आय'च्या जागी 'शी' घाला, 'लाइक्स' होतं. मराठीत उलट: 'मला'च्या जागी 'तिला' आलं तरी 'आवडतात' तसंच, पण आंब्याची कैरी झाली की 'आवडते'. दोन्ही भाषांत तीच गोष्ट सांगायची आहे, पण दोरी वेगवेगळ्या हातांत दिली आहे. भूक लागणं, ताप येणं, आठवणं, सुचणं, भाऊबहीण असणं, अशा सगळ्या ठिकाणी मराठी माणूस 'मला' होऊन बाजूला बसतो आणि भूक, ताप, आठवण ही मंडळी वाक्य चालवतात. इंग्रजीत तिथे 'आय' पुढे येऊन उभा राहतो. भाषाशास्त्रवाले या 'मला'लाही एक प्रकारचा कर्ताच मानावं का यावर वाद घालतात; परीक्षेला बसणाऱ्या मुलीला त्याचा उपयोग नाही, म्हणून मी तो विषय काढला नाही.

पण या हलवून बघण्याला एक मोठं भगदाड आहे, आणि तिला ते दोन दिवसांत सापडलं. इंग्रजीचा साधा भूतकाळ कुणाच्याच वचनाला दाद देत नाही. 'द बॉय केम', 'द बॉइज केम'. काहीही हलवा, 'केम' ढिम्म. मराठीत आला, आली, आले, आल्या असं क्रियापद पदोपदी साक्ष देतं. इंग्रजी क्रियापद फक्त वर्तमानात 'एस' लावून आणि इज-आर, वॉज-वेअर, हॅज-हॅव, डज-डू यांच्यापुरतंच बोलतं. मग भूतकाळात काय करायचं?

इथे ज्याने काम भागवलं ते दहावीच्या पेपरातून आलं. आपल्या बोर्डाच्या इंग्रजीत 'प्रश्नपुच्छ जोडा' हा प्रश्न असतो. 'ही इज युअर फ्रेंड, इजन्ट ही?' एक गुण, तीस सेकंदांचं काम, आणि मराठी माध्यमाची पोरं त्यात सहसा चुकत नाहीत कारण ते यंत्रासारखं घोटून घेतलेलं असतं. या मुलीला तर ते झोपेतून उठवून विचारलं तरी येत होतं. मी तिला म्हटलं, "वाक्य वाच आणि नुसतं शेपूट जोड. रेघा नंतर मार."

'द लेटर वॉज रिटन बाय माय अंकल.'

"वॉजन्ट इट?" तिने फटकन जोडलं. आणि मग स्वतःच्याच तोंडाकडे बघितल्यासारखं केलं. 'इट' म्हणजे कोण? पत्र. काका असते तर 'ही' आलं असतं. दहावीपासून तिचं तोंड उद्देश्य बरोबर ओळखत होतं, पेन चुकत होतं.

शेपटात दोन गोष्टी असतात. पहिली क्रियापदाची, म्हणजे त्यातला काळ दाखवणारा तुकडा. दुसरी उद्देश्याची, सर्वनाम होऊन आलेली. म्हणजे रेघा कुठे मारायच्या याचं उत्तर वाक्याच्या टोकाला छापूनच येतं. 'द बॉय स्टँडिंग नियर द गेट इज माय ब्रदर' याला कुणी 'स्टँडन्ट' जोडत नाही. 'इजन्ट ही' जोडतं. म्हणजे क्रियापद 'इज', आणि 'स्टँडिंग' नुसतं दाखवायला. मराठीत त्याला आपण 'उभा असलेला' म्हणू, आणि 'असलेला' हे क्रियापद नाही, धातुसाधित, म्हणजे धातूपासून बनलेला शब्द आहे, हे तिला शिकवावं लागलं नाही. 'स्विमिंग'चंही तेच: पोहणे. धातूपासून झालेलं नाम. 'इजन्ट इट' म्हणताना तिलाच हसू आलं.

टोपलीतले आंबे मात्र शेपटाने सुटूनही पुन्हा पुन्हा परत येत होते. 'वन ऑफ माय फ्रेंड्स', 'द लिस्ट ऑफ कँडिडेट्स', 'द क्वालिटी ऑफ द रोड्स', दर वेळी हात मागच्या नामाकडे जायचा. त्याचं कारण णारा-कोणचं नव्हतं. ते आणखी खोलवरचं आहे. मराठीत मुख्य माणूस आपल्या ताफ्यात सगळ्यांत शेवटी चालतो. 'फी भरलेल्या उमेदवारांची यादी'. फी आली, उमेदवार आले आणि मग यादी, आणि लगेच पुढे 'लागली आहे'. म्हणजे क्रियापदाच्या दिशेला जे नाम सर्वांत जवळ, तेच कामाचं, हे आपल्या कानात लहानपणापासून बसलेलं असतं. इंग्रजीत मिरवणूक उलटी निघते. आधी 'द लिस्ट', मग 'ऑफ कँडिडेट्स', मग 'हू हॅव पेड द फी', आणि एवढ्या गर्दीनंतर 'इज ऑन द बोर्ड'. यादी पार मागे राहिलेली. परीक्षक नेमकं तिथेच 'आर' घालून ठेवतो, आणि 'फी भरणारे उमेदवार' कानात घुमत असल्यामुळे आपल्याला ते 'आर' गोड वाटतं.

यावर तिने स्वतःच उपाय काढला. वाक्य मराठीत आणायचं आणि 'चा-ची-चे'च्या उजवीकडे कोण आहे ते बघायचं. उमेदवारांची यादी. आंब्यांची टोपली. रस्त्यांचा दर्जा. मित्रांपैकी एक. उजवीकडचं उचलायचं आणि इंग्रजीत परत न्यायचं. मला हे सुचलं नसतं. मी त्याच विषयावर 'ऑफ'पासून क्रियापदापर्यंत कंस करून खोडायला शिकवतो. माझी रीत वेगवान आहे, तिची पक्की. 'द हेडमास्टर अलाँग विथ द टीचर्स'लाही तिची रीत चालते, 'शिक्षकांसह मुख्याध्यापक', पुन्हा उजवीकडचा. 'आयदर-ऑर', 'नायदर-नॉर'ला चालत नाही. तिथे क्रियापद जवळच्याचं ऐकतं, एवढं पाठ केलं की झालं.

आता 'इट इज रेनिंग'. तीन रेघांवाला शब्द. शेपूट जोडलं, 'इजन्ट इट', म्हणजे उद्देश्य 'इट'. तिला उत्तर मिळालं पण पटलं नाही. "हे इट म्हणजे कोण सर? पडतं कोण?" कुणीच नाही. मी म्हटलं, मराठीत आपण 'सांजावलं' म्हणतो, 'उजाडलं' म्हणतो, 'मळमळतंय' म्हणतो, सांजावणारा कोण? तिने भावकर्तरी म्हणून लगेच सांगितलं, क्रियेचा भाव हाच कर्ता. तर तसंच. फक्त मराठीला रिकामी खुर्ची चालते, इंग्रजीला चालत नाही. आपण 'येते हं' म्हणून 'मी' न उच्चारता घराबाहेर पडतो. इंग्रजीत आज्ञेचं वाक्य सोडलं तर खुर्चीवर कुणीतरी बसवावंच लागतं.

"म्हणजे सुपारी," ती म्हणाली.

पूजेला जोडीने बसायचं असतं आणि बायको हजर नसली तर कमरेला सुपारी लावून बसतात, ती सुपारी. इंग्रजी व्याकरणाच्या जाड पुस्तकांत या 'इट'ला काय काय नावं आहेत ती सगळी मी वाचली आहेत. इतकं चपखल नाव एकातही नाही. अभ्यासिकेत आता तेच चालतं: 'अरे सुपारी आहे ती, सोड.'

'देअर आर टू पेन्स इन द ड्रॉवर' या वाक्याने मात्र आम्हाला दोघांनाही दमवलं. हे वाक्य पहिल्या चाचणीत तिचं बरोबर आलं होतं! असणारी कोण? पेनं. रेघ 'पेन्स'खाली. नवी युक्ती शिकल्यावर तिने 'आरन्ट देअर' शेपूट जोडलं आणि रेघ 'देअर'खाली नेली. मग हलवून बघितलं: दोनाचं एक पेन केलं तर 'इज' होतं, म्हणजे दोरी पेनाच्या हातात. दोन युक्त्या दोन उत्तरं देत होत्या, आणि दोन्ही खरी होती. 'देअर' ही पण सुपारी. प्रश्न करताना, शेपूट लावताना तिचीच खुर्ची धरली जाते, पण 'इज' की 'आर' हे ठरवायला क्रियापद मागे बसलेल्या खऱ्या माणसाकडे बघतं. शाळेची पुस्तकं पेनाला उद्देश्य म्हणतात, भाषाशास्त्रवाले बहुधा 'देअर'ला. चूक शोधायच्या प्रश्नात पेन मोजायचं, असं मी सांगून टाकलं. ती समाधानी नव्हती. मीही नाही.

शेपटाला आणखी एक खोट निघाली तीही लिहून ठेवतो, कुणी हे वर्गात वापरणार असेल तर. 'एव्हरीवन हॅज कम' याचं शेपूट 'हॅवन्ट दे'. क्रियापद एकवचनी, शेपूट अनेकवचनी. म्हणजे शेपटावरून उद्देश्य कुठलं ते कळतं, त्याचं वचन दर वेळी कळत नाही. आणि आपल्या बोलण्यातल्या 'ना?'च्या सवयीने सगळीकडे 'इजन्ट इट' चिकटवणारा विद्यार्थी असेल, तर आधी ती सवय मोडावी लागेल. नाहीतर ही सगळी युक्तीच कोसळते. या मुलीला ती सवय नव्हती हे माझं नशीब.

सहा आठवड्यांनी मी तिला तसाच वीस वाक्यांचा नवा संच दिला, मुद्दाम अवघड. दोन चुका. एक 'देअर'ची, दुसरी 'अंडर द नीम ट्री सॅट टू ओल्ड मेन' या उलट्या वाक्याची, तिथे तिने झाडाला उद्देश्य केलं. शेपूट जोडायला गेली तर जीभ अडखळली, म्हणून अंदाजाने रेघ मारली, असं तिने प्रामाणिकपणे सांगितलं. सराव परीक्षेत चूक शोधायच्या प्रश्नांना ती आता वेळ कमी लावते, पण वाचनाचा उतारा अजून तिचा वेळ खातो. ते दुखणं वेगळं आहे आणि त्याचा कर्ता-क्रियापदाशी काही संबंध नाही.

गेल्या महिन्यात आम्ही चौघं-पाच जण परीक्षेच्या केंद्रावर जायला पहाटे स्टेशनवर उभे होतो. गाडी उशिरा होती. मराठीतली घोषणा झाली, शेवटी 'आम्ही दिलगीर आहोत'. मग इंग्रजी: 'दि इनकन्व्हीनियन्स कॉज्ड इज डीपली रिग्रेटेड.' ती पाठीवरची सॅक सावरत होती, मधेच थांबली.

"सर, दिलगीर होणारा कोण?"

मी स्पीकरकडे बघितलं. मराठीत आत्ताच 'आम्ही' होता.

"शेपूट लाव."

"इजन्ट इट," ती म्हणाली. "म्हणजे गैरसोय. आणि कॉज्ड हे क्रियापद नाही, झालेली गैरसोय." मग जरा वेळाने, "म्हणजे इंग्रजीत कुणीच दिलगीर नाही."